कांद्याच्या मुळात मायटॉसिस (म्हणजे पेशीचं विभाजन) कसं बघायचं, आणि कॅन्सर त्यात नक्की कुठे घुसतो

भाचीचं बायोचं प्रॅक्टिकल जवळ आलं तेव्हा तिने प्रोफेज मेटाफेज अॅनाफेज टेलोफेज एका दमात म्हणून दाखवलं, आपण पाढे म्हणायचो तसं, आणि मग विचारते, मावशी हे सगळं ठीक आहे पण यात कॅन्सर कुठे येतो? मी आधी कॉलेजच्या लॅबमध्ये होते, तिला म्हणलं तोंडी नको, किचनमधून कांदा आण. खालचं सगळं आम्ही त्या आठवड्यात केलेलंच आहे. मायक्रोस्कोप आणि केमिकल्ससाठी लॅब लागणारच, मुळं मात्र घरी वाढवता येतात.

कांदा घ्यायचा तो जुना, सुका, घट्ट. तळाची वाळकी मुळं ब्लेडने अलगद खरवडून काढा पण खालची चकती कापू नका, नवी मुळं तिथूनच फुटतात. काचेच्या ग्लासात काठोकाठ पाणी आणि तोंडावर कांदा असा बसवायचा की नुसतं बूड पाण्याला टेकेल, छोटा असला तर तीन टूथपिक टोचून अडकवा. पाणी रोज बदला नाहीतर घरचे ओरडतील. ३ ते ६ दिवसांत दोन-तीन सेंटीमीटरची पांढरी मुळं येतात. एकाच्या भरवशावर राहू नका, दोन-तीन लावा, आमचा पहिला आठवडाभर ढिम्म बसला आणि शेवटी सडला.

तो नुसता नासका होता, पण यावरून आठवलं म्हणून सांगते. नाशिकजवळ लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेलं विकिरण केंद्र आहे, २००२ पासून, तिथे कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांनी कांद्याचा कोंब थांबवतात. कांदा दिसायला तसाच, खायलाही तसाच, फक्त आतल्या वाढत्या पेशींच्या डीएनएला असा मार बसलेला असतो की त्यांना विभागताच येत नाही. कॅन्सर पेशंटला रेडिएशन देतात त्यामागे हीच युक्ती आहे, फक्त तिथे नेम धरून, थोडं थोडं करत, आजूबाजूचं शाबूत ठेवून द्यावं लागतं.

असो, मुळं आली की सकाळी टोकाकडचा एक-दोन सेंटीमीटर तुकडा कापायचा आणि लगेच फिक्सेटिव्हमध्ये टाकायचा, म्हणजे १ भाग ग्लेशियल अॅसिटिक अॅसिड आणि ३ भाग अल्कोहोल, त्यात २४ तास. लहानपणी स्टॅच्यू खेळायचो ना, तसं, ज्या पेशीचं जे चाललं होतं तिथेच ती थिजते. लगेच वापरायची नसतील तर नंतर ७० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा, बरेच दिवस टिकतात.

मग वॉचग्लासमध्ये (काचेची उथळ वाटी) एक मूळ, त्यावर एक थेंब १ नॉर्मल हायड्रोक्लोरिक अॅसिड आणि दोन-तीन थेंब अॅसिटोकार्माइन, हा लाल रंग. स्पिरिट लॅम्पवरून हलकेच फिरवत गरम करा, उकळी आली की गेलं समजा. अॅसिडमुळे पेशींना एकमेकींशी चिकटवणारा डिंक सुटतो आणि कार्माइन क्रोमोझोमवर, म्हणजे गुणसूत्रांवर चढतं. पाच-दहा मिनिटं झाकून ठेवा. टोक जास्त गडद लाल झालेलं दिसेल, फक्त ते दोन-तीन मिलिमीटर स्लाइडवर घ्यायचं आणि बाकीचं फेकायचं. इथेच निम्मी मुलं चुकतात, अख्खं मूळ दाबून ठेवतात आणि म्हणतात सर काहीच दिसत नाही. थेंबभर पाणी, त्यावर कव्हरस्लिप तिरकी धरून अलगद सोडायची (बुडबुडा नको), वरून ब्लॉटिंग पेपर, पेन्सिलच्या रबराने हळूहळू टकटक करायचं, शेवटी अंगठ्याने सरळ खाली दाब. अंगठा सरकवू नका, पेशी गुंडाळल्या जातात. माझ्या भाचीने दोन कव्हरस्लिपा फोडल्या, तिसरी जमली.

आता बघा. आधी १० च्या लेन्सने चौकोनी, दाटीवाटीच्या पेशींचा भाग शोधा, मग ४० वर या. बहुतेक पेशींत नुसता गोल लालसर केंद्रक दिसेल, तो इंटरफेज, नाराज होऊ नका, पेशीचा बहुतेक वेळ त्यातच जातो. माणसाच्या लॅबमध्ये वाढवलेल्या पेशीचं एक चक्र साधारण २४ तासांचं धरतात, त्यात प्रत्यक्ष विभाजन तासाभराचं, बाकी वेळ जी-वनमध्ये वाढ, एसमध्ये डीएनएची कॉपी, जी-टूमध्ये तपासणी. केंद्रकात लोकरीचा गुंता झाल्यासारखं दिसलं की प्रोफेज. गुणसूत्रांची मधोमध आडवी रांग तो मेटाफेज. दोन झुपके एकमेकांपासून लांब ओढले जाताना, टोकं मागे लोंबतायत, तो अॅनाफेज, हा सगळ्यात देखणा आणि सगळ्यात कमी सापडतो कारण तो पटकन उरकतो. दोन टोकांना दोन गोळे आणि मध्ये नवी भिंत पडतेय तो टेलोफेज. कांद्याची १६ गुणसूत्रं आहेत पण चांगली पसरलेली पेशी मिळाल्याशिवाय मोजायचा हट्ट नको. किमान २०० पेशी मोजा, त्यातल्या विभागणाऱ्या किती ते शेकड्यात काढा, समजा २० निघाल्या तर १० टक्के, यालाच मायटॉटिक इंडेक्स म्हणतात.

आता फेकलेला तुकडा परत उचला. हो, तोच, टोकाच्या मागचा. त्याचीही एक स्लाइड करा. पेशी लांबुळक्या, विभाजन जवळपास शून्य. मूळ तेच, पाणी तेच, कांदा तोच, पण टोकापासून काही मिलिमीटर मागे आलं की पेशी थांबलेल्या असतात, आपापल्या कामाला लागलेल्या. भाचीच्या प्रश्नाचं उत्तर या दुसऱ्या स्लाइडमध्ये आहे. सगळ्यांना वाटतं कॅन्सर म्हणजे पेशी सुसाट विभागतात, पण आपल्या आतड्याचं अस्तर काही दिवसांत नवं होतं आणि कित्येक गाठी दुप्पट व्हायला महिने घेतात. वेग हा मुद्दाच नाही हो, थांब म्हणल्यावर न थांबणं हा मुद्दा आहे.

थांबवणारे कोण, तर जी-वनच्या शेवटी आरबी नावाचं प्रोटीन दार अडवून बसलेलं असतं, सायक्लिन नावाचं दुसरं प्रोटीन आणि त्याच्या जोडीच्या सीडीके एन्झाइमने ढकललं की ते बाजूला होतं (या शोधांना २००१ चं नोबेल मिळालं, हार्टवेल, हंट आणि नर्स). डीएनए तुटलेला सापडला तर पी५३ नावाचं प्रोटीन चक्र थांबवतं, दुरुस्त कर म्हणतं, नाहीच झाला तर पेशीला मरायला लावतं. माणसांच्या निम्म्याहून जास्त कॅन्सरमध्ये हे पी५३ बिघडलेलं असतं. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये तर एचपीव्ही व्हायरसचं एक प्रोटीन पी५३ ला संपवतं आणि दुसरं आरबीला, दोन्ही वॉचमन एका रात्रीत गायब. आणि तंबाखू-गुटखा गालात धरून ठेवणाऱ्यांच्या तोंडातल्या पेशींच्या डीएनएला रोज नवे धक्के, त्यातला एखादा पी५३ च्या जीनवर बसला की पुढचं तपासायला कोणी नाही.

तिसरी तपासणी मेटाफेजला होते, ती तुम्ही आत्ताच पाहिलीत, रांग पूर्ण लागून प्रत्येक गुणसूत्राला दोन्हीकडून धागा जोडला गेल्याशिवाय अॅनाफेज सुरूच होत नाही. कॅन्सरच्या स्लाइडवर कधीकधी दोनाऐवजी तीन टोकांना ओढाओढ दिसते, एखादं गुणसूत्र मध्येच मागे राहतं, पोरी-पेशींना वाटणी वेडीवाकडी मिळते. गुणसूत्रांच्या अशा गडबडीतून गाठ होत असावी हे थिओडोर बोव्हेरी या जर्मन जीवशास्त्रज्ञाने १९१४ मध्येच लिहून ठेवलं होतं.

घरात कोणाचा बायोप्सी रिपोर्ट आला असेल तर तुमची मोजणी तिथेही भेटेल. मायटॉटिक काउंट म्हणजे ठरावीक जागेत विभागणाऱ्या पेशी किती. केआय-६७ म्हणजे चक्रात असलेल्या पेशींत सापडणारं प्रोटीन, विश्रांतीतल्या पेशीत नसतं, नावातलं केआय जर्मनीतल्या कील शहरावरून आलंय. आकडा बघून स्वतःच घाबरू नका आणि स्वतःच निश्चिंतही होऊ नका, कुठल्या अवयवाचा, कुठल्या प्रकारचा हे धरूनच त्याला अर्थ असतो, डॉक्टरांनाच विचारा.

आणि अंगणातली सदाफुली. तिच्यातून व्हिन्क्रिस्टिन आणि व्हिन्ब्लास्टिन काढतात, ही औषधं ते ओढणारे धागे जुळूच देत नाहीत, पेशी मेटाफेजला अडकते आणि मरते. लहान मुलांच्या ल्युकेमियात (रक्ताच्या कॅन्सरमध्ये) व्हिन्क्रिस्टिन अजून वापरतात. केमोत केस का गळतात तेही इथेच कळतं, केसांच्या मुळाशी पेशी सतत विभागत असतात, बऱ्याचशा केमोच्या औषधांना त्यांच्यात आणि गाठीत फरक करता येत नाही. म्हणून सदाफुलीचा पाला चावून बघायचा उद्योग कृपया करू नका, औषधाचा डोस मिलिग्रॅममध्ये असतो आणि पानात किती आहे ते पान सांगत नाही.

स्लाइड परीक्षेपर्यंत ठेवायची असेल तर कव्हरस्लिपच्या चारही कडांना नेलपॉलिश लावा, आठवडाभर तरी निघते. भाचीने आईचं महागातलं मरून वापरलं, तुम्ही स्वस्तातलं ट्रान्सपरंट घ्या.