नवीन ॲप घ्यायच्या आधी स्वतःला काय विचारायचं

टेक्नॉलॉजी चांगली की वाईट या वादात पडूच नका, त्यातून हाती काही लागत नाही. हायडेगर नावाच्या जर्मन तत्त्वज्ञाने १९५३ च्या व्याख्यानात ऱ्हाईन नदीचं उदाहरण दिलं होतं, वीजकेंद्र बसलं की नदी नदी राहत नाही, नुसता विजेचा साठा होते, आणि त्याची खरी भीती ही होती की उद्या माणूसही असाच साठा होऊन बसेल. तेव्हा पहिला प्रश्न हा, की हे ॲप मला कशाचा साठा समजतंय? परमिशन मागतं तिथेच थांबून नीट वाचा, साध्या टॉर्चच्या ॲपला तुमचे कॉन्टॅक्ट्स आणि लोकेशन कशाला हवंय? सरळ नाही म्हणा.

दुसरा प्रश्न इव्हान इलिच नावाच्या विचारवंताचा, मला तर हाच जास्त महत्त्वाचा वाटतो. गाड्या वाढत गेल्या की पायी चालणाऱ्याला जागाच उरत नाही, तसं ह्या ॲपशिवाय जगायची वाट बंद होतेय का? सोसायटीत सगळं ॲपवर न्यायचं ठरत असेल तर मीटिंगमध्ये उठून विचारा की स्मार्टफोन नसलेल्या आजींनी मेंटेनन्स कसा भरायचा, चेक आणि कागदी पावती चालू ठेवायला लावा.

आणि ऑटोप्ले, म्हणजे एक व्हिडिओ संपला की पुढचा आपोआप सुरू होणं, बंद करा, बहुतेक ॲपमध्ये ते सेटिंग्जमध्येच असतं.