ऑटोमॅटिक पिकअपचे गिअर ऑइल आणि फिल्टर बदलताय? आधी भरायचा प्लग सैल करा

पिकअप म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर वाशीच्या एपीएमसीबाहेर भाजीचे क्रेट लादून उभी असलेली गाडी येते. ती मॅन्युअल गिअरची, तिला यातले फारसे लागू नाही. हा लेख टोयोटा हायलक्स, इसुझू व्ही-क्रॉस अशा गाड्यांचे ऑटोमॅटिक मॉडेल बाळगणाऱ्यांसाठी आहे.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये ऑइल नुसते वंगण नसते. त्याच्याच दाबाने क्लच प्लेटा धरतात, टॉर्क कन्व्हर्टरमधून इंजिनाची ताकद तेच पुढे नेते आणि आतली उष्णताही तेच कूलरपर्यंत वाहून आणते. ते थकले की गिअर उशिरा पडतो, मग झटका लागायला लागतो. शिळफाट्याला नाहीतर घोडबंदर रोडला रोज तासभर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रखडणारी गाडी असेल, तर ‘लाइफटाइम ऑइल’ या शब्दांवर मी तरी विसंबत नाही. गाडीसोबतच्या पुस्तिकेत, म्हणजे मॅन्युअलमध्ये, जड वापरासाठी वेगळा आकडा दिलेला असतो, तो धरा. मी 60,000 किमीला बदलतो.

सामान फार नाही: ऑइल, फिल्टर, चेंबरचे (गिअरबॉक्सच्या तळाशी ऑइल साठते त्या तबकाचे) पॅकिंग, ड्रेन प्लगचे वॉशर, गोटी पान्यांचा सेट, छोटा टॉर्क रेंच, हातपंप, गाडीच्या कॉम्प्युटरला जोडून ऑइलचे तापमान दाखवणारा स्कॅनर आणि मापाच्या खुणा असलेला डबा. ऑइल मात्र मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या ग्रेडचेच हवे. डब्ल्यूएस काय आणि डेक्सरॉन 6 काय, ग्रेड वेगळे पण दोन्ही लालच दिसतात. दुकानदार ‘चालतं हो, सगळं एकच’ म्हणाला तर दुसरे दुकान बघा.

जागाही सपाट लागते. सोसायटीच्या पार्किंगमध्ये हे काम करू गेलात तर सेक्रेटरी खाली येतीलच, शिवाय तिथल्या फरशीला बहुधा उतार असतो. मी वागळे इस्टेटमध्ये मित्राच्या गाळ्यात करतो, तिथे खड्डा आहे. खड्डा नसेल तर चारही बाजूंना स्टँड लावून गाडी समपातळीत उचला. नुसत्या जॅकवर टेकलेल्या गाडीखाली जाऊ नका, ‘दोनच मिनिटं’ म्हणूनही नाही.

आता शीर्षकातली गोष्ट. पहिल्या वेळी मी उत्साहात खालचा प्लग काढला, जुने ऑइल सगळे सोडले, आणि मग गिअरबॉक्सच्या बाजूचा भरायचा प्लग बघायला गेलो. तो हलेना. जोर लावला तर त्याचे कोपरेच घासले. गाडीत थेंब ऑइल नाही, गाळ्याची वाट अडलेली आणि मित्र तोंड पाडून बसलेला, असे दोन दिवस काढले. तेव्हा भरायचा प्लग आधी सैल करून बघा. तो सुटला तरच खालच्याला हात लावा.

ऑइल सोडताना ते कोमट असावे. लांबून गाडी चालवत आणून लगेच प्लग काढलात तर हात भाजेल. काही गाड्यांत ड्रेनच्या भोकात एक उभी नळी असते, ती ॲलन कीने काढल्याशिवाय चेंबर रिकामे होत नाही. निघालेले सगळे ऑइल मापाच्या डब्यात धरा आणि आकडा लिहून ठेवा. पुढे तेवढेच भरायचे आहे.

रंगही बघून घ्या. तपकिरी झाले असेल तर वेळेवर आलात. काळे आणि करपट वासाचे असेल तर क्लच जळू लागलेत, जाणत्या मेकॅनिकला दाखवा. रोझ मिल्कसारखे गुलाबी आणि दुधट निघाले तर आत पाणी शिरले आहे. ते कूलरमधून येते, किंवा पावसाळ्यात तुंबलेल्या सबवेतून गाडी घातली असेल तर ब्रीदरमधून, म्हणजे गिअरबॉक्सच्या हवा सोडायच्या नळीतून. अशी गाडी पुढे चालवू नका.

चेंबरचे बोल्ट एका बाजूने पूर्ण, दुसऱ्या बाजूने अर्धे सोडा, म्हणजे ते तिरके होऊन उरलेले ऑइल एका कोपऱ्यातून निथळते आणि तुमच्या तोंडावर येत नाही. आत लोहचुंबक असतात. त्यांच्यावर मऊ राखाडी लेप असणारच, बोटांत चोळला तर शिसपेन्सिलीच्या भुकटीसारखा लागतो. बोटाला टोचणारे कण सापडले तर मात्र नुसते ऑइल बदलून भागणार नाही.

फिल्टर काढल्यावर त्याची रबरी सील वर भोकातच चिकटून राहिली नाही ना, हे बॅटरी मारून बघा. जुनीवर नवी बसली की पंप हवा ओढतो आणि सगळी मेहनत पाण्यात. पॅकिंग कोरडेच बसवा. वर सिलिकॉन फासायची आपल्याकडे फार हौस, पण त्याचे सुटलेले तुकडे नव्या फिल्टरमध्येच जाऊन अडकतात. बोल्ट आधी हाताने लावा, मग समोरासमोरचे थोडे थोडे आवळा. यांचा टॉर्क साधारण 5 ते 12 न्यूटन-मीटरच असतो, नेमका आकडा मॅन्युअलमधून घ्या. चाकाच्या नटासारखा जोर लावलात तर आटे गेलेच.

भरणे हा खरा नाजूक भाग. नव्या पिकअपना बहुधा डिपस्टिक नसते. पातळी ओव्हरफ्लो प्लगने ठरते आणि तीही ठरावीक तापमानाला, बऱ्याच गाड्यांत 35 ते 45 अंशांच्या मध्ये. ऑइल तापले की फुगते, म्हणून गरम असताना पातळी लावली तर ते कमी पडते. मे महिन्यात पत्र्याच्या गाळ्यात दुपारी हवाच 38 ची असते. इंजिन सुरू करून प्लगपर्यंत पोचेस्तोवर वेळ निघून गेलेली. म्हणून गाडी रात्रभर उभी ठेवा आणि हे काम सकाळी सहाला करा.

मोजून ठेवले होते तेवढेच नवे ऑइल पंपाने भरा. इंजिन सुरू करा, ब्रेकवर पाय घट्ट ठेवून पी, आर, एन, डी असा प्रत्येक ठिकाणी काही सेकंद थांबत दांडा फिरवा आणि परत पीवर आणा. हँडब्रेक ओढलेला, चाकांना ठोकळे लावलेले. स्कॅनरवर ऑइलचे तापमान बघत राहा. ठरलेल्या अंशाला, इंजिन चालू असतानाच ओव्हरफ्लो प्लग काढा. धार लागली तर ती बारीक होऊन थेंब थेंब पडेपर्यंत थांबा आणि बंद करा. काहीच आले नाही तर भरायच्या प्लगमधून थोडे थोडे घाला.

अशाने साधारण निम्मेच ऑइल बदलते, बाकीचे टॉर्क कन्व्हर्टरमध्ये राहते. म्हणून हजारभर किलोमीटरनंतर मी पुन्हा एकदा सोडून भरतो, तेव्हा फिल्टर तोच राहू देतो. जुने ऑइल गॅरेजवाल्याच्या पिंपात द्या, तिथून ते रिसायकलवाल्याकडे जाते. गटारात ओतलेत तर नाल्याने थेट खाडीत, फ्लेमिंगोंच्या पायाशी.

मग गायमुखच्या चढापर्यंत एक चक्कर मारून या आणि रात्री गाडीखाली पुठ्ठा पसरून ठेवा. सकाळी त्यावर लाल ठिपका दिसला तर तो कुठल्या बोल्टखाली पडलाय ते बघून, पुठ्ठा हलवायच्या आधीच खूण करा.