परळला उपचार घेताय? मनाचीही सोय बघा

ताई, स्तनाच्या कॅन्सरचे उपचार परळच्या टाटा मेमोरियलमध्ये सुरू असतील, तर वैद्यकीय समाजसेवा विभागात लवकर जाऊन या. बऱ्याच जणी तिथे फक्त पैशांच्या मदतीसाठी जातात. झोप लागत नाही, घरी कुणाशी बोलवत नाही, हेही तिथे मोकळेपणानं सांगा आणि समुपदेशकाची भेट मागा.

सांगताना नुसतं "टेन्शन आहे" म्हणून भागत नाही. ० ते १० मध्ये आजचा ताण किती, ते ठरवा. ४ किंवा त्याहून जास्त असेल, तर डॉक्टरांच्या कानावर घालाच. मी केमोच्या वहीत आकडा लिहायचे आणि शेजारी कारण: गळणारे केस, लेकीची दहावी, ह्यांचं गप्प गप्प राहणं. कारण लिहिलेलं असलं की बोलायला सुरुवात सापडते.

मग आपल्यासारख्यांचा आधारगट शोधा. मुंबईत व्ही केअर फाउंडेशन १९९४ पासून काम करतंय; तिथे स्वतः कॅन्सरमधून गेलेले स्वयंसेवक भेटतात. पहिल्यांदा नुसतं ऐकलंत तरी चालेल, रडू आलं तरी चालेल. एक मात्र बजावून सांगते, गटात कुणी काढा सुचवला किंवा गोळ्या बंद करायला सांगितल्या, तर आधी डॉक्टरांना विचारा.

गावी परतल्यावर रात्री जीव घाबरला, तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर लावा. मोफत आहे, चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं. जीव नकोसा वाटला तर सकाळची वाट बघू नका, तेव्हाच लावा.

आणि सोबत येणाऱ्या बहिणीला, जावेला बाहेर बाकावर बसवून ठेवू नका. तिलाही बोलायचं असतं.