आधी गच्ची, मग कूलर, एसी सगळ्यात शेवटी: उन्हाळ्यात घर थंड आणि वीजबिल कमी कसं ठेवावं

अकोला, नागपूर, चंद्रपूरकडे पारा 44-45 अंशांवर गेला की बरेच जण थेट दुकान गाठतात आणि मोठा कूलर नाहीतर एसी घेऊन येतात. त्याआधी घरात ऊन शिरतं कुठून, ते बघायला हवं. सगळ्यात वरच्या मजल्यावर राहत असाल, तर ते स्लॅबमधून शिरतं. मेच्या उत्तरार्धात आपल्याकडे भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर असतो. सगळा मारा गच्चीवर. काँक्रीट दिवसभर तापत राहतं आणि ती उष्णता संध्याकाळनंतर खाली सोडतं. रात्री दहा वाजताही पंख्याची हवा गरम लागते ती यामुळेच.

गच्चीला चुना द्या

होळीच्या आसपास हे काम उरकून घ्या. गच्ची झाडून, धुऊन, शेवाळ आणि सुटलेले पोपडे खरवडून काढा. भेगा असतील तर आधी त्या भरा. विरवलेला, म्हणजे आधीच पाण्यात फुलवलेला, चुना आणून रात्रभर पाण्यात भिजत घाला. सकाळी जुन्या ओढणीतून गाळा, नाहीतर खडे ब्रशला अडकतात. त्यात थोडं फेव्हिकॉल मिसळा. त्याशिवाय चुना पायाला लागून घरभर पसरतो. मिश्रण पातळ ताकासारखं झालं की संध्याकाळी, स्लॅब निवल्यावर, लांब दांड्याच्या ब्रशने पहिला हात द्या. दुसऱ्या दिवशी पहिल्याच्या आडव्या दिशेने दुसरा हात. ओला असताना तो फिकट दिसतो, वाळला की पांढराशुभ्र होतो.

कळीचा, म्हणजे अजून पाणी न लागलेला, चुना मात्र घरी विरवू नका. पाण्यात पडताच तो उकळतो आणि उडतो. विरवलेला चुना वापरतानाही हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा हवाच. डोळ्यात चुना गेला तर भरपूर पाण्याने धूत राहायचं आणि लगेच डॉक्टरकडे जायचं.

पांढरं छत ऊन परत फेकतं, आणि खालच्या खोलीत 2 ते 5 अंशांचा फरक पडू शकतो. पावसाळ्यात चुना धुपतो, म्हणून दरवर्षी द्यावा लागतो. तयार कूल रूफ रंग महाग पडतो, पण काही वर्षं टिकतो. अहमदाबादने 2017 पासून वस्त्यांमधली छतं पांढरी करायला घेतली, तेलंगणाने 2023 मध्ये त्यासाठी धोरणच केलं. आपल्याकडेही हे गल्लोगल्ली व्हायला हवं, असं मला मनापासून वाटतं. पत्र्याच्या घरात राहणाऱ्यांना तर याची सगळ्यात जास्त गरज आहे.

पश्चिमेची खिडकी बाहेरून झाका

मे महिन्यात दक्षिणेच्या खिडकीतून फारसं ऊन येत नाही, सूर्य डोक्यावरून जातो. त्रास असतो तो सकाळी पूर्वेचा आणि दुपारी तीननंतर पश्चिमेचा. आतून जाड पडदा लावून थोडाच उपयोग होतो, कारण काचेतून आलेली उष्णता तोवर घरात शिरलेली असते. बाहेरून बांबूची चटई, हिरवी जाळी किंवा वाळ्याचा पडदा टांगा. जाळी काचेला चिकटवू नका, वीतभर अंतर ठेवा म्हणजे मधून हवा खेळते.

सकाळी नऊच्या सुमारास दारं-खिडक्या बंद करायच्या आणि बाहेरची हवा निवल्यावर समोरासमोरच्या उघडायच्या. स्वयंपाक शक्यतो सकाळीच आटोपून घ्या.

कूलर: कोरड्या हवेतलं सगळ्यात स्वस्त यंत्र

पाण्याची वाफ होताना हवेतली उष्णता ओढली जाते, कूलर चालतो तो याच तत्त्वावर. म्हणून एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत तो विदर्भात, मराठवाड्यात, खानदेशात छान चालतो आणि मुंबई-कोकणात नुसता दमटपणा वाढवतो. साधा घरगुती कूलर दीडशे-दोनशे वॅट घेतो, दीड टनी एसी जवळपास दीड हजार.

कूलर खिडकीबाहेर आणि सावलीत हवा. समोरचं दार किंवा खिडकी थोडी उघडी ठेवा. दमट झालेली हवा बाहेर गेलीच नाही, तर तासाभरात खोली चिकट होते आणि लोक कूलरला दोष देतात. दर मोसमात ताट्यांमधलं गवत बदला. क्षारांनी कडक झालेल्या गवतातून हवाही जात नाही आणि पाणीही झिरपत नाही.

लोखंडी कूलरचा शॉक लागून विदर्भात दरवर्षी माणसं दगावतात. अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. पाणी भरताना, टाकी पुसताना प्लग काढलेलाच असला पाहिजे, नुसतं बटण बंद करून भागत नाही. पोरांना हे घसा कोरडा होईपर्यंत सांगा. टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून घासा आणि कोरडी होऊ द्या, नाहीतर त्यात डेंग्यूचे डास होतात.

पंखा आणि एसी

जुना छताचा पंखा साधारण 75 वॅट घेतो, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा 30 च्या आसपास. रोज 15 तास चालवला तर महिन्याला सुमारे 20 युनिट वाचतात, तेही एका पंख्यामागे. पंखा खोली थंड करत नाही, अंगावरचा घाम वाळवतो. म्हणून खोलीत कुणी नसेल तर तो बंद करा.

एसी असेल तर 26 वर ठेवून पंखा मंद सोडा. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या हिशेबाने एसीचं तापमान वाढवलं की दर अंशामागे सुमारे 6 टक्के वीज वाचते. एसीतली हवेची जाळी दर पंधरवड्याला धुवा. बाहेरच्या युनिटवर सावली करा, पण त्याची हवा अडवू नका.

बिल बघताना

महावितरणच्या घरगुती बिलात 100, 300 आणि 500 युनिटांवर टप्पे बदलतात आणि वरच्या टप्प्यातलं युनिट महाग पडतं. 340 युनिटांचं घर 290 वर आलं, तर त्यातली 40 युनिटं महागड्या टप्प्यातली वाचतात. मागच्या मे महिन्याचं बिल काढा, आपण कोणत्या टप्प्याच्या किती वर आहोत ते पाहा, आणि पंखे बदलायचे की एसीचे तास कमी करायचे ते त्यावरून ठरवा.

गच्ची स्वतःची असेल तर सौर पॅनेलचाही विचार करा. 2024 मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत 3 किलोवॅटला 78 हजार रुपये केंद्राचं अनुदान ठरलं आहे, आणि पॅनेलखालच्या स्लॅबला सावली मिळते ती वेगळीच. भाड्याच्या घरात असाल तर घरमालकाशी निदान चुन्याचं बोलून बघा. चुन्याला फार खर्च येत नाही, आणि गच्ची त्यांचीच सुधारते.