जुन्या डिझेल गाडीचं दुखणं मोबाईलवर

गाडीच्या संगणकातले बिघाडाचे कोड मोबाईलच्या ॲपवर दाखवणारा ईएलएम३२७ चिपचा स्वस्त ब्लूटूथ अडॅप्टर कॉमन रेल (एकाच जास्त दाबाच्या नळीतून सगळ्या सिलिंडरना इंधन देणाऱ्या) डिझेलला बहुधा चालतो; जुन्या यांत्रिक पंपाच्या गाडीला नाही. स्टिअरिंगखालच्या १६ पिनांच्या सॉकेटमध्ये तो बसवा, चावी ऑन करा, इंजिन बंदच ठेवा. अँड्रॉइडवर पेअर करताना पिन १२३४ किंवा ००००. आयफोनला साधा ब्लूटूथवाला जुळत नाही, वायफायचा घ्या.

कोड आधी लिहून घ्या, मगच पुसा. पी०४०१ म्हणजे ईजीआरचा (धुराचा काही भाग परत इंजिनात नेणाऱ्या यंत्रणेचा) प्रवाह कमी, बहुतेकदा काजळी. पी००८७ म्हणजे रेलचं, म्हणजे त्या इंधनाच्या नळीतलं, प्रेशर कमी. पंपाला हात लावण्याआधी डिझेल फिल्टर बदला, खर्च शेकड्यांत उरकतो.

खरी गंमत लाइव्ह डेटात, म्हणजे सेन्सरच्या त्या क्षणाच्या आकड्यांत. इंजिन बंद असताना मॅप सेन्सर (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा) साताऱ्यात साधारण ९३ केपीए (किलोपास्कल, दाबाचं एकक) दाखवतो, सांगलीत ९५. समुद्रसपाटीचे १०१ दिसले नाहीत म्हणून सेन्सर बदलायला धावू नका. ती उंचीची करामत. यवतेश्वर घाटात तिसऱ्या गिअरमध्ये जोर द्या, आकडा शेजारच्याला वाचू द्या. टर्बोची गाडी १८०च्या पुढे जायला हवी. शंभराच्या आसपासच घुटमळली, तर आधी इंटरकूलरचा (टर्बोची हवा थंड करणाऱ्या भागाचा) होज नि व्हॅक्यूमची नळी तपासा.

काम झालं की अडॅप्टर काढा, नाहीतर उभ्या गाडीची बॅटरी उतरते.