गोव्यात संशोधनाची जागा शोधताना

विज्ञान किंवा अभियांत्रिकीत पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या गोव्यातील अनेक मुलामुलींना संशोधन म्हटले की पुणे-बंगळूर आठवते. ताळगाव पठारावरचे गोवा विद्यापीठ, दोनापावलची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, वास्कोत सड्यावर असलेले ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र, फर्मागुढीची आयआयटी आणि झुआरीनगरचा बिट्स पिलानीचा परिसर एवढे सारे तासाभराच्या अंतरात असताना तिथल्या संशोधनाच्या जागांच्या जाहिराती नियमित पाहिल्या जात नाहीत, याचे मला मनापासून वाईट वाटते.

जाहिरात हाती आली की ती पीएचडी प्रवेशाची आहे की एखाद्या प्रकल्पातील पदाची, हे आधी पाहावे. प्रकल्पातील ज्युनिअर रिसर्च फेलोचे, म्हणजे कनिष्ठ संशोधकाचे, मानधन त्या प्रकल्पाच्या निधीतून येते आणि प्रकल्पाबरोबरच संपते. शिवाय त्या पदावर रुजू झाल्याने पीएचडीची नोंदणी आपोआप होत नाही. सीएसआयआर किंवा यूजीसी या केंद्रीय संस्थांच्या नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून मिळालेली फेलोशिप, म्हणजे संशोधनासाठीची शिष्यवृत्ती, मात्र उमेदवाराच्या स्वतःच्या नावावर असते. जानेवारी २०२३ पासून तिची रक्कम पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये आणि पुढे सीनिअर रिसर्च फेलो झाल्यावर ४२,००० रुपये आहे, आणि एकूण मुदत पाच वर्षांची आहे. फेलोशिप थोडक्यात हुकली, तरी २०२४ पासून नेटच्या गुणांवर केवळ पीएचडी प्रवेशासाठीही पात्र ठरता येते. ती पात्रता एक वर्ष टिकते. अभियांत्रिकीवाल्यांचा गेट या राष्ट्रीय परीक्षेचा स्कोअर तीन वर्षे चालतो.

मी एमएस्सीनंतर सागरी सूक्ष्मजीवशास्त्राच्या एका प्रकल्पात रुजू झाले. भरती-ओहोटीचे कोष्टक पाहून मांडवीच्या मुखाशी पाण्याचे नमुने घ्यायचे, ते बर्फात ठेवून प्रयोगशाळेत आणायचे आणि त्याच दिवशी गाळून पेट्री डिशमध्ये लावायचे, असे ते काम होते, आणि संध्याकाळी नेटचा अभ्यास. पुढे पीएचडीच्या मुलाखतीत पाठ्यपुस्तकातले फारसे काही विचारले गेले नाही. नमुने ठरावीक वेळीच का घेतले, कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठीचा नमुना, कोणता ठेवला, आकडे जुळले नाहीत तेव्हा काय केले, यावरच बराच वेळ चर्चा झाली. म्हणून पदव्युत्तर प्रकल्पाची वही जपून ठेवा आणि त्यातील प्रत्येक पायरीमागचे कारण सांगता येईल अशी तयारी करा.

पीएचडीच्या मार्गदर्शकाकडे जागा आहे का, हेही अर्जापूर्वी विचारावे. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे एका वेळी प्राध्यापकाला आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चारच विद्यार्थी घेता येतात, त्यामुळे विषय जुळूनही नकार येऊ शकतो. ईमेल पाठवताना त्यांचा अलीकडचा एखादा शोधनिबंध खरोखर वाचून त्यातील एक नेमका प्रश्न लिहा. प्रकल्पाचे पद स्वीकारणार असाल, तर निधीची किती मुदत शिल्लक आहे आणि त्या काळात पीएचडीची नोंदणी करता येईल का, या दोन प्रश्नांची उत्तरे रुजू होण्याआधी लेखी मागून घ्या.