क्लॉडियसचं सोन्याचं नाणं कसं वाचायचं

चाळीस वर्षं सराफीत गेली. सोनं दिसलं की हात आधी कसोटीकडे जायचा. रोमन नाण्यांच्या बाबतीत ही सवय मला मोडावी लागली, आणि तुम्हीही मोडा. अस्सल नाण्यावर कस घेतला की त्याच्या कडेला कायमचा ओरखडा राहतो, आणि हाती काहीच लागत नाही. नकली करणारेही चोख सोनंच वापरतात.

सुरुवात भिंगाने करा. दिवा डोक्यावर नको, बाजूला ठेवा, म्हणजे अक्षरं सावलीसकट उठून दिसतात. उदाहरणाला रोमन सम्राट क्लॉडियसचा ऑरियस, म्हणजे सोन्याचं नाणं, घेऊ. इ.स. 43 मध्ये त्याच्या फौजेने ब्रिटनवर स्वारी केली, त्या विजयाचं हे नाणं. जेमतेम दोन सेंटिमीटरचं, वजन 7.7 ग्रॅमच्या आसपास, म्हणजे आपल्या पाऊण तोळ्याहून जरासं जास्त.

चेहऱ्यात गुंतू नका. त्याच्याभोवतीची अक्षरं घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने वाचत जा आणि ‘टी आर पी’ शोधा. हा ट्रिब्यूनचा, म्हणजे रोमन जनतेच्या प्रतिनिधीचा, अधिकार; तो सम्राटाकडे असायचा. त्याचं दरवर्षी नूतनीकरण व्हायचं. पुढे ‘व्ही आय’ असेल तर सहावं वर्ष. क्लॉडियस जानेवारी 41 मध्ये गादीवर आला, म्हणजे हे नाणं 46-47 चं. मग ‘आय एम पी एक्स आय’: सैन्याच्या विजयाबद्दल ‘इम्पेरातोर’, म्हणजे विजयी सेनापती, असा जयघोष तोवर अकरा वेळा झालेला. लढाया जिंकायचे सरदार, आकडा वाढायचा सम्राटाचा.

आता नाणं उलटा. एक कमान, तिच्या माथ्यावर घोडेस्वार, दोन्ही बाजूंना शत्रूची शस्त्रं टांगलेले खांब. कमानीच्या पट्टीवर ‘डे ब्रिटान्न’, म्हणजे ब्रिटनांवरचा विजय. इथे मी दरवेळी थांबतो. सिनेटने, म्हणजे रोमच्या राज्यसभेने, कमान मंजूर केली होती, पण रोममधल्या त्या कमानीचं लोकार्पण 51 च्या सुमाराचं. दगडी कमान उभी राहायच्या आधीच ती सोन्यावर छापून लोकांच्या हातात गेली होती!

अस्सल की नक्कल, हे कडेवर ठरतं. रोमन नाणं दोन ठशांमध्ये ठेवून हातोड्याने ठोकलेलं असतं. त्यामुळे अक्षरांजवळ धातू बाहेर सरकल्याच्या केसाएवढ्या रेषा दिसतात. मुशीतून ओतलेल्या नाण्यात अक्षरांची मुळं गोलसर होतात, पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढे खड्डे पडतात आणि कडेवर जोडाची रेघ असते. ती कानशीने घासलेली असली तर घासल्याच्या खुणा दिसतात. एका प्रदर्शनात मी असं नाणं वजन आणि कस पाहून खरं मानलं होतं. कड पाहिलीच नव्हती. घरी आल्यावर भिंगाखाली जोड दिसला आणि रात्रभर झोप लागली नाही.

चेहऱ्यावर छिन्नीचा घाव असला म्हणून नाणं बाजूला टाकू नका. तमिळनाडूतल्या पुदुकोट्टईला 1898 मध्ये सापडलेल्या 501 रोमन सुवर्णनाण्यांपैकी बहुतेकांवर सम्राटाच्या चेहऱ्यावर असाच घाव आहे.

शेत नांगरताना असं काही सापडलं, तर घासूनपुसून लख्ख करू नका, वितळवणं तर दूरच. मातीसकट कागदात गुंडाळा, जागेचा फोटो काढा आणि जिल्हाधिकाऱ्यांना कळवा. कळवायचं, हे 1878 चा गुप्तधन कायदाच सांगतो.